हिमोफिलियात रोज दुखणारा गुडघा: गोळी ठरवण्याआधी दुखणं कोणतं ते ठरवा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते बघता येईल. वय २७, राहणार रावेर तालुक्यात, हिमोफिलिया ए, तीव्र प्रकार, म्हणजे रक्त गोठवणारा 'फॅक्टर आठ' अंगात जवळजवळ नाहीच. उजवा गुडघा लहानपणापासून वारंवार सुजायचा, गेली दोन वर्षं तो रोजच दुखतो. केळी ग्रुपवर मोजणीचं काम, म्हणजे दिवसभर उभं राहणं. फॅक्टरचं इंजेक्शन घेतलं तरी फरक पडत नाही, म्हणून गावातल्या दवाखान्यात कमरेत सुई आणि मेडिकलवरून गोळी. विचारलंत ते एवढंच की रोज घेता येईल अशी सुरक्षित गोळी कोणती. आणि शेवटी जाता जाता, बहिणीच्या तीन वर्षांच्या मुलालाही हेच निघालंय, त्याचाही गुडघा असाच होणार का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जळगाव-धुळ्याकडचे हिमोफिलियाचे रुग्ण बरीच वर्षं बघतेय. औषधाचा डोस ठरवणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. पण तुमचा खरा प्रश्न गोळीचा नाही, असं मला वाटतं. तुमच्या गुडघ्यात दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही दोन्हींवर एकच उपाय करताय. ब्लीडचं, म्हणजे सांध्याच्या आत रक्तस्राव झाल्याचं, दुखणं फॅक्टरने थांबतं, झिजलेल्या सांध्याचं दुखणं फॅक्टरने थांबत नाही. झिजेवर फॅक्टर घेतला तर तो वाया जातो. ब्लीडवर नुसती गोळी घेतली तर मात्र दुखणं दबतं आणि आत रक्त साचत राहतं. दुसरी चूक पहिलीपेक्षा फार महाग पडते.

आधी ती कमरेतली सुई बंद करा, आजपासून. गावाकडे दुखण्यावर बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देतात. तुमच्यासाठी त्यात दोन धोके एकदम येतात. एक तर ते औषध प्लेटलेट्सचं काम मंदावतं आणि जठरातून रक्तस्राव घडवू शकतं. दुसरं, सुई स्नायूत जाते, आणि हिमोफिलियात स्नायूत सुई म्हणजे तिथे रक्ताची गाठ व्हायला आमंत्रणच. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'मला हिमोफिलिया आहे, स्नायूत इंजेक्शन चालत नाही.' लाजू नका. खिशात तसं कार्ड ठेवा.

गोळीचंही तसंच. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा, वरच्या मोठ्या नावावर जाऊ नका. 'अंगदुखीची साधी गोळी' म्हणून जी हातावर ठेवतात, त्यात पुष्कळदा पॅरासिटामॉलच्या जोडीला असिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा निमेसुलाइड असतं. ॲस्पिरिन तर नकोच. नुसतं पॅरासिटामॉल चालतं, पण त्यालाही मर्यादा आहे. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि यकृताचा त्रास असेल किंवा दारू असेल तर बरंच कमी. लहानपणी रक्त किंवा प्लाझ्मा चढवलेला असेल, तर हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झालीय का ते एकदा विचारा. पॅरासिटामॉलने भागत नसेल तर डॉक्टर कधी कधी सेलेकॉक्सिब किंवा इटोरिकॉक्सिब थोड्या दिवसांसाठी देतात, कधी ट्रॅमाडॉल. पहिल्या दोन गोळ्यांत मूत्रपिंड आणि रक्तदाब बघावा लागतो, ट्रॅमाडॉलची सवय लागू शकते. म्हणून 'रोज, बिनधास्त' अशी गोळी मी सांगणार नाही, कारण तशी गोळी नाही.

आता ब्लीड कोणतं आणि झीज कोणती, ते ओळखायचं कसं. मी रुग्णाला पहिल्यांदा विचारते की दुखणं किती वाजता आलं आणि आल्यावर वाढत गेलं की तिथेच राहिलं. ब्लीड तासातासाला वाढतं. सुरुवातीला सूजही दिसत नाही. आत मुंग्या आल्यासारखं, गरम, काहीतरी भरत चाललंय असं वाटतं. बरेच रुग्ण ही चाहूल बरोबर ओळखतात. लहान पोरंही 'आत काहीतरी होतंय' म्हणतात आणि घरचे 'नाटक करतोय' म्हणून सोडून देतात. मग गुडघा तट्ट फुगतो, वाकलेला राहतो, ना सरळ होतो ना आणखी वाकतो, रात्री ठणकतो आणि पाय टेकवत नाही. वेळेवर पुरेसा फॅक्टर मिळाला तर पहिल्या काही तासांतच ठणका उतरू लागतो.

झिजेच्या दुखण्याची वेळ ठरलेली असते. सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला, चार पावलं चाललं की जरा मोकळा. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी दुखणार, झोपलं की कमी होणार. जिना उतरताना, पाटावरून उठताना, देशी संडासात बसताना कळ येणार. पण गुडघा काल जेवढा वाकत होता तेवढाच आजही वाकतो. तुम्ही लिहिलंय, 'कामावरून आलो की जास्त, रविवारी कमी'. हे वर्णन झिजेचं आहे. फॅक्टर घेऊन फरक न पडण्याचं एक कारण तुमच्याच वाक्यात आहे.

पण तेवढ्यावर मी थांबणार नाही. फॅक्टर लागू पडत नाही याची आणखी दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे डोसच अपुरा असतो. फॅक्टर आठ दर किलो वजनाला १ युनिट दिला की रक्तातली पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते, आणि ८ ते १२ तासांत ती निम्म्यावर येते. ६० किलोच्या माणसाला ५०० युनिटची एक बाटली दिली तर पातळी जेमतेम १६-१७ टक्क्यांवर जाते. सांध्यातल्या ब्लीडसाठी मुबलक फॅक्टर असलेल्या देशांत ४० ते ६० टक्के गाठायचं धोरण आहे, जिथे टंचाई आहे तिथे १० ते २० वर भागवतात. म्हणजे एका बाटलीने कधी काम होतं, कधी होत नाही. तुमचं वजन आणि आजवर मिळालेला डोस लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. दुसरं कारण इन्हिबिटर. शरीर फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं आणि दिलेला फॅक्टर निकामी होतो. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्यांत साधारण चारातल्या एकाला आयुष्यात कधीतरी हे होतं. पूर्वी ज्या डोसने ब्लीड थांबायचं त्याने आता थांबत नसेल, तर इन्हिबिटरची तपासणी झालीच पाहिजे. मुंबईला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे ती होते. तुमच्या डॉक्टरांच्या ओळखीची दुसरी जागाही असेल.

ब्लीड आणि झीज या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते, आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. गुडघा सतत सुजलेला, हाताला मऊ, पिठासारखा लागतो, जरा कोमट असतो, पण फारसा दुखत नाही. हे सांध्याच्या आतल्या अस्तराचं सुजणं, सायनोव्हायटिस. होतं असं: सांध्यात साचलेलं रक्त शोषून घ्यायचं काम हे अस्तर करतं. रक्तातलं लोह त्यात साठतं, अस्तर जाड होतं, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, आणि त्या जराशा धक्क्याने परत रक्त सोडतात. पुन्हा ब्लीड, पुन्हा जाड अस्तर. दुसरीकडे तेच रक्त कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, खातं. प्रयोगशाळेत कूर्चेचे तुकडे चार दिवस रक्तात ठेवले, तर ती नंतर पूर्ववत होत नाही. म्हणून 'चार दिवसांत सूज आपोआप उतरते, कशाला दवाखाना' हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. एकाच सांध्यात सहा महिन्यांत तीन किंवा जास्त वेळा आपोआप ब्लीड झालं तर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. तुमच्या गुडघ्याचं बालपण त्यातच गेलेलं दिसतंय.

सायनोव्हायटिस अजून जिवंत असेल तर उपाय आहेत. सहा ते आठ आठवडे नेमाने फॅक्टर आणि सोबत व्यायाम. त्याने भागलं नाही तर सांध्यात किरणोत्सारी औषध सोडून अस्तर सुकवतात, त्याला रेडिओसायनोव्हेक्टमी म्हणतात, गुडघ्यासाठी यिट्रियम-९० वापरतात. हे मोठ्या केंद्रातच होतं. पण कूर्चा संपून हाडाला हाड लागलं असेल तर त्याचा फायदा मर्यादित. तुमचा गुडघा कुठल्या टप्प्यावर आहे, ते एक्स-रे आणि सोनोग्राफी पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, मीही नाही. सोनोग्राफी जळगावातही होते. फक्त चिठ्ठीवर 'हिमोफिलिया, गुडघ्यात रक्त आहे की जाड अस्तर' असं नेमकं लिहून घ्या.

घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगते. शिंप्याचा मेजरिंग टेप आणा. रोज सकाळी उठल्यावर, पाय सरळ ठेवून, गुडघ्याच्या वाटीच्या बरोबर मध्यावरून घेर मोजा. दोन्ही गुडघ्यांचा. वहीत लिहा. त्याच वेळी पाठीवर झोपून बघा, उजव्या गुडघ्याखालून हात किती सहज जातो. पंधरा दिवसांत तुमचा 'रोजचा' आकडा कळेल. मग एखाद्या दिवशी दुखलं, की टेप लावायचा. घेर वाढला, गुडघा नेहमीपेक्षा कमी वाकला किंवा कमी सरळ झाला, तर ब्लीड समजा आणि फॅक्टरसाठी निघा, शक्यतो दोन तासांच्या आत. घेर तोच, वाकणं तेच आणि आत काही भरत चालल्यासारखं वाटत नसेल, तर झीज. शंका असेल तर ब्लीडच धरायचं. वाटेत गुडघ्याला आधार, सैलसर क्रेप बँडेज, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, पाय उंच. बर्फाने ठणका जरा कमी होतो, रक्त थांबवतो तो फॅक्टरच.

दोन अपवाद लक्षात असू द्या. गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो, त्यात वेळ घालवायचा नाही. आणि जांघेत दुखून पाय पोटाशी ओढल्यासारखा राहत असेल, मांडीचा पुढचा भाग बधिर वाटत असेल, तर ते पोटामागच्या सोआस स्नायूतलं ब्लीड असू शकतं. ते मोठं असतं. गुडघेदुखी समजून घरी पडून राहू नका.

फॅक्टर घरी ठेवत असाल तर आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि मे महिन्यात रावेर-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो. फ्रिजच्या दारात नको, गोठवायचीही नाही. एसटीने नेताना थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी, मध्ये जाड फडकं, मग बाटली. निघण्याआधी ज्या रुग्णालयात जाताय तिथे फोन करून फॅक्टर आहे का, तुमच्याच प्रकारचा आहे का, ते विचारून घ्या. सरकारी पुरवठा मोफत आहे, पण तो कधी असतो, कधी संपलेला असतो. धुळ्याला किंवा नाशिकला जाऊन रिकाम्या हाताने परतलेली माणसं मी पाहिलीत.

आता माझ्या कामाचा भाग. तुमच्या आईंचं म्हणणं तुम्ही लिहिलंय, 'पाय हलवू नको, परत सुजेल.' ब्लीड चालू असताना आईंचं बरोबर आहे. बाकी दिवशी नाही. गुडघा हलवला नाही की मांडीचा पुढचा स्नायू पंधरा दिवसांतच बारीक दिसायला लागतो. हा स्नायूच गुडघ्यावरचा भार झेलतो. मोटारसायकलचे शॉकॲब्झॉर्बर गेले की रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट कमरेला लागतो, तसा मग प्रत्येक पाऊल थेट सांध्याला लागतं. सांधा झिजलेला असला तरी स्नायू कमावता येतो, आणि झिजलेल्या गुडघ्याच्या दुखण्यावर माझ्या अनुभवात याइतका टिकणारा उपाय दुसरा नाही. गोळीचा परिणाम सहा तास. याला सहा आठवडे लागतात, पण तो राहतो.

सुरुवात अगदी साधी. खाट झोळ पडलेली असेल तर तिच्यावर नको, जमिनीवर सतरंजी टाका. पाय सरळ. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघ्याखाली काही नाही. आता गुडघा जमिनीकडे दाबायचा, वाटी वर मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे. पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे आठवडाभर बिनत्रास जमलं की पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा. मग टाच जमिनीवरून घसरवत गुडघा जमेल तेवढा वाकवायचा, हाताने ओढायचा नाही. दुसऱ्याने दाबून तर मुळीच नाही. किती करायचं याचा माझा नियम असा की दुसऱ्या दिवशी सकाळी टेपवरचा घेर वाढला नाही आणि दुखणं रोजच्याइतकंच आहे, तर चालू ठेवा. वाढलं तर निम्मं करा. पहिला आठवडा फॅक्टर घेतलेल्या दिवशी व्यायाम ठेवता आला तर उत्तम, पण ते पुरवठ्यावर आहे. आणि सगळं सुरू करण्याआधी एकदा हिमोफिलियाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टला गुडघा दाखवा.

गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणं बंद करा. बरं वाटतं, मला माहीत आहे, जवळजवळ प्रत्येक रुग्ण तसंच झोपतो. पण महिनोन्‌महिने गुडघा वाकलेलाच राहिला की तो तसाच आखडतो, मग पाय आखूड पडतो, माणूस पंजावर चालतो, आणि घोट्यावर, कमरेवर ताण जातो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत उजवी टाच उचललेली दिसतेय. आखडलेला गुडघा थोडा असेल तर व्यायामाने आणि रात्री स्प्लिंट बांधून सुटतो, जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने प्लास्टर घालून सरळ करतात. एका दमात कोणी सरळ करायला निघालं तर नको म्हणा.

काठी घ्यायला सांगितलं की पंचविशीतली पोरं तोंड वाकडं करतात. घ्या. पण डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला, तरच गुडघ्यावरचा भार कमी होतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. ग्रुपवर काट्यापाशी एक उंच स्टूल मागा आणि दर तासाला जरा बसा. घड उचलू नका. घरी संडासात खुर्चीसारखा कमोड स्टँड ठेवता येतो. पोहायला मिळालं तर फार छान, मात्र विहिरीत वरून उडी नको, पायऱ्यांनी उतरायचं.

आणि चोळणं नको. मालिश, बिब्बा, डाग देणं, काहीच नको. सातपुड्याच्या बाजूच्या एका रुग्णाला मांडीत ब्लीड असताना जोर लावून चोळलं होतं, तो 'रातभर ठणकस' एवढंच सांगत आला आणि मांडी दुप्पट झालेली. घरची माणसं मायेनेच करतात, म्हणून त्यांना आधी समजावून ठेवा.

एवढं नेमाने करूनही रात्रीची झोप उडवणारं दुखणं राहिलं तर सांधा बदलण्याचा विचार होतो. हिमोफिलियात गुडघ्याचं रोपण होतं आणि दुखणं खरोखर कमी होतं, पण शस्त्रक्रियेपासून पुढे कित्येक दिवस फॅक्टरचा पुरेसा साठा, रक्तविकारतज्ज्ञ आणि फिजिओ एकाच ठिकाणी लागतात. त्यासाठी मुंबई किंवा वेल्लोरच्या सीएमसीसारखं केंद्र. २७ व्या वर्षी मी घाई करणार नाही, कारण कृत्रिम सांध्याचंही आयुष्य असतं. एमिसिझुमॅबबद्दल तुम्ही ऐकलंच असेल, कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन, आठवड्याला, पंधरा दिवसांनी किंवा चार आठवड्यांनी. हिमोफिलिया एमध्ये ते ब्लीड खूप कमी करतं, इन्हिबिटर असला तरी. पण चालू झालेलं ब्लीड त्याने थांबत नाही आणि गेलेली कूर्चा परत येत नाही. ते महाग आहे, सरकारी पुरवठ्यातून कोणाला मिळेल हे केंद्रावर अवलंबून, तरी विचारा जरूर.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार येत नाहीत, पण अस्थिव्यंग येतं. म्हणून तपासणीला जाताना नुसता फॅक्टरचा रिपोर्ट नेऊ नका, गुडघ्याचा एक्स-रे आणि त्याच्या हालचालीचं मोजमापही न्या. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात तीव्र आणि मध्यम हिमोफिलियाला सवलत आहे, रुग्णालयाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. भुसावळहून मुंबईला जाणार असाल तर आधीच करून ठेवा.

आता भाचा. तुमचा प्रश्न शेवटी आला, पण सगळ्यात निकडीचा तोच आहे. त्याचा गुडघा तुमच्यासारखा व्हायलाच पाहिजे असं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या लहान मुलांचे दोन गट केले होते. एकाला नेमाने फॅक्टर, दुसऱ्याला ब्लीड झाल्यावर. सहा वर्षांच्या वयाला एमआरआय काढला तेव्हा पहिल्या गटातल्या ९३ टक्के मुलांचे सांधे चांगले होते, दुसऱ्यात ५५ टक्के. एवढा फॅक्टर आपल्याकडे प्रत्येकाला मिळत नाही, हे खरं. पण आठवड्यातून दोनदा कमी डोसनेही ब्लीड बऱ्यापैकी कमी होतात, आणि त्याच्या वयात एमिसिझुमॅबही देता येतं. बहिणीला सांगा, ब्लीड व्हायची वाट बघायची नाही, प्रोफिलॅक्सिससाठी, म्हणजे ब्लीड होऊ नये म्हणून नेमाने द्यायच्या औषधासाठी, आत्ताच नाव नोंदवायचं. लसी चुकवायच्या नाहीत, फक्त बारीक सुईने, शक्यतो कातडीखाली, आणि नंतर पाच-दहा मिनिटं दाबून धरायचं. बहिणीचीही फॅक्टरची पातळी तपासून घ्या, कारण वाहक बाईची, म्हणजे जिच्याकडून हा आजार मुलाकडे जातो तिची, पातळी कधी कधी इतकी कमी असते की बाळंतपणात त्रास होतो.

पंधरा दिवसांची टेपची वही भरली की मला कळवा. सोबत तुम्ही घेता त्या गोळीच्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, आणि शेवटचा फॅक्टर किती युनिटचा होता तेही लिहा.